आई दोन दिवस गप्प राहिली : घरच्यांना ऑनलाइन फसवणुकीपासून कसं वाचवायचं?

निशिगंध

आधी घडलेलं सांगते, मग प्रश्न विचारते.

गेल्या महिन्यात आईच्या फोनवर मेसेज आला : 'पत्ता अपूर्ण असल्याने तुमचे पार्सल परत पाठवले जात आहे. १२ तासांत पत्ता दुरुस्त करा.' खाली लिंक. आईने खरोखरच नातवासाठी रंगपेटी मागवलेली होती आणि ती यायची होती. तिने लिंक उघडली. पान अगदी ओळखीचं दिसत होतं. नाव, पत्ता, फोन नंबर भरला. मग पार्सल पुन्हा पाठवण्याचं किरकोळ शुल्क आणि त्यासाठी कार्डाचा नंबर. मग ओटीपी. तो टाकल्यावर पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं आणि आलं, 'कोड चुकला आहे, नवीन कोड पाठवला आहे.' तिने दुसराही टाकला. दोन कोड, दोन व्यवहार.

आईने ३० वर्षं गणित शिकवलं आहे. बिलं, पासबुकं, सगळं आजही तीच बघते. गडबड झाल्याचं तिला पाचच मिनिटांत कळलं होतं. तरी ती दोन दिवस कुणालाच काही बोलली नाही. जेवेना, तेव्हा मी खोदून विचारलं. म्हणाली, "तू मला वेडी म्हणशील."

मी असं का म्हणेन, असं विचारणार होते, तेवढ्यात आठवलं. काही महिन्यांपूर्वी अशीच एक बातमी वाचून तिच्याच समोर मी म्हणाले होते, "इतकं साधं कसं कळत नाही लोकांना?" ते वाक्य तिच्या लक्षात राहिलं होतं.

बँकेत फोन केला तेव्हा समजलं, दुसरा व्यवहार लगेच पूर्ण झालेला नव्हता. त्याच दिवशी कळवलं असतं तर तो अडवता आला असता. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण ते दोन दिवस तिने एकटीने काढले, हे मला जास्त लागलं आहे.

तुमच्या घरी काय करता? 'सावध राहा' यापलीकडचं काही सांगा.

पाऊलवाट

निशिगंध, आईंना आधी माझा नमस्कार सांगा. मी बरीच वर्षं तक्रारी घेण्याच्या टेबलावर होतो. समोर येऊन बसणाऱ्यांत डॉक्टर होते, हिशेबनीस होते, कॉलेजची मुलं होती. पहिलं वाक्य मात्र बहुतेकांचं एकच, "घरी कळू देऊ नका."

आईंच्या बाबतीत त्या भामट्यांना पार्सलची काहीच माहिती नसणार. असे मेसेज घाऊक पाठवतात. ज्याचं पार्सल खरंच येणार असतं त्याला तो आपल्यालाच आलाय असं वाटतं.

ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. त्यात बहुतेक वेळा रक्कम आणि ती कुणाला जाते आहे हे लिहिलेलं असतं. पण फोनच्या वरच्या पट्टीत सहा आकडे दिसतात, आपण तेवढेच उचलतो, आणि हल्ली तर फोन स्वतःच ते आकडे रकान्यात भरतो. वाचायची वेळच येत नाही. माझ्या घरी नियम आहे : कोड टाकण्याआधी रक्कम मोठ्याने वाचायची. एकटे असलो तरी.

दुसरं, खोटा मेसेज कधीकधी बँकेच्या खऱ्या मेसेजच्या खालीच येऊन बसतो. पाठवणाऱ्याच्या जागी जे नाव असतं ते खोटं टाकता येतं, आणि फोन नावावरून मेसेज एकत्र लावतो. त्यामुळे 'वरचे सगळे खरे आहेत, म्हणजे हाही खराच' हा हिशेब चुकतो. फोन नंबरचंही तेच. स्क्रीनवर बँकेचा नंबर दिसला म्हणून पलीकडे बँकच असेल असं नाही.

म्हणून एवढंच पाळायचं : फोन आपल्याला आला असेल तर काहीही सांगायचं नाही. ठेवायचा, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण लावायचा.

कोरी_पाटी

वाईट वाटलं वाचून. पण असे मेसेज भाषेवरून ओळखू येत नाहीत का? माझ्या मेलमध्ये येतात त्यांत व्याकरणाच्या ढीगभर चुका असतात. मी घरी हेच शिकवलंय : भाषा गचाळ असली की डिलीट.

उंबरठा

कोरी_पाटी, हे शिकवणं आता बंद करा, असं कळकळीने सांगते.

२०१२ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ले यांनी एक निबंध लिहिला होता. नायजेरियातल्या खजिन्याची ती जुनी मेल इतकी उघड खोटी का असते, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं : ते भामट्याच्या सोयीचं आहे. एकेका माणसाला अनेक पत्रं लिहून गुंडाळावं लागतं, त्यात वेळ जातो. शंकेखोर लोक पहिल्याच मेलला गळाले तर त्याचा वेळ वाचतो. पार्सलच्या बनावट पानावर कुणाशी बोलावंच लागत नाही, त्यामुळे तिथे असं गाळून घेण्याची गरजच नसते. शिवाय आता कुठल्याही भाषेत स्वच्छ, सभ्य मजकूर यंत्र लिहून देतं. 'गचाळ ते खोटं' शिकलेला माणूस 'नीटनेटकं ते खरं' असंही मनातल्या मनात शिकतो, आणि तिथेच सापडतो.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचंही तसंच. आपल्यापैकी अनेकांनी आईवडिलांना सांगितलं असेल, 'कुलूप दिसलं की बिनधास्त.' त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा फोन आणि ते पान यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. पान कुणाचं आहे, तो प्रामाणिक आहे का, याबद्दल ते काही सांगत नाही. त्या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट आणि काही मिनिटांत मिळतात, चोरालाही. हा गैरसमज इतका पसरला की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते कुलूप काढून तिथे दुसरं चिन्ह ठेवलं.

कोरी_पाटी

हे माहीत नव्हतं. मीच आईला कुलूप बघायला शिकवलं होतं. आज फोन करतो. मग पत्ता तरी कसा ओळखायचा?

उंबरठा

पत्ता वाचायची एक रीत आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिथे बोट ठेवायचं आणि तिथून डावीकडे उलटं वाचायचं. समजा पत्ता असा आहे : 'तुमचीबँक.कॉम.खाते-तपासणी.टॉप/लॉगिन'. बोट 'टॉप'च्या पुढच्या रेघेवर. उलटं वाचलं की 'टॉप', मग 'खाते-तपासणी'. घर त्यांचं. डावीकडचं 'तुमचीबँक.कॉम' म्हणजे त्या घरावर रंगवलेली पाटी, कुणीही काहीही रंगवावं. काही देशांत शेवटचे दोन नव्हे, तीन तुकडे धरावे लागतात, पण दिशा तीच.

एवढं सांगूनही मी माझ्या सासऱ्यांना यावर अवलंबून राहायला सांगत नाही. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की छोट्या पडद्यावर एम दिसतो. २०१७ मध्ये एका संशोधकाने सिरिलिक (रशियन वगैरे भाषांच्या) लिपीतली अक्षरं वापरून ॲपलच्या नावासारखा हुबेहूब पत्ता नोंदवून दाखवला. काही ब्राउझरमध्ये तो डोळ्यांनी वेगळा ओळखताच येत नव्हता.

जिथे डोळा फसतो तिथे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे आपले पासवर्ड लक्षात ठेवून आपोआप भरणारं ॲप, फसत नाही. तो अक्षरांचं रूप बघत नाही, पत्ता तंतोतंत जुळतो का एवढंच बघतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हात मागे घ्यायचा. आमच्या घरी सर्वांना हे सांगून ठेवलंय, 'फोनने पासवर्ड भरला नाही, तर तूही भरायचा नाहीस.'

निशिगंध, आईंना ट्रॉय हंट यांची गोष्ट जरूर सांगा. आपली माहिती कुठल्या डेटाचोरीत गेली आहे का, हे तपासून देणारी 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट त्यांची. लोकांना ऑनलाइन सुरक्षेबद्दल शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. मार्च २०२५ मध्ये ते स्वतः फसले. लांबच्या विमानप्रवासाने थकलेले होते. त्यांच्या वार्तापत्राची सेवा थांबवली आहे अशी मेल आली, त्यांनी लिंकवर जाऊन पासवर्ड आणि कोडही टाकला. पासवर्ड मॅनेजरने तो आपोआप भरला नव्हता, तरी त्यांनी हाताने भरला. काही मिनिटांत सुमारे १६,००० वाचकांचे ईमेल पत्ते गेले. त्यांनी त्याच दिवशी सगळं जाहीरपणे लिहून टाकलं.

निशिगंध

उंबरठा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग एवढंच विचारलं, "आणि त्यांनी त्याच दिवशी सांगितलं?"

गोधडी

माझं मत थोडं कडक आहे. वडिलांच्या फोनवरून बँकेचं ॲप मी काढून टाकलं, व्यवहार सगळे माझ्याकडे घेतले. वय झालं की जोखीम कशाला? निदान झोप तरी लागते.

पाऊलवाट

गोधडी, काळजी समजते, पण असहमत. ॲप काढलं तरी फोन येणं थांबत नाही. 'तुमच्या मुलाला अपघात झालाय' सांगणाऱ्याला बँकेच्या ॲपशी देणंघेणं नसतं. आणि ज्याच्या हातून व्यवहार काढून घेतले, तो पुढे काही चुकलं तर सांगायला येईल का? त्याला अजून काय काय काढून घेतील याचीच धास्ती.

मधला मार्ग आहे. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं, त्यात थोडीच शिल्लक. ऑनलाइन खरेदीचं कार्ड त्याच खात्याचं. साठवलेले पैसे दुसऱ्या खात्यात, त्याला कार्डच नाही. दिवसाच्या व्यवहारावर कमी मर्यादा. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंद. प्रत्येक व्यवहाराची सूचना दोघांना, वडिलांना आणि तुम्हाला. चूक झाली तरी ती लहानच राहील, अशी सोय आधी करायची. तीही त्यांच्याशेजारी बसून, त्यांच्या संमतीने.

गोधडी

कार्ड नसलेल्या खात्याचं पटलं. वडील काही बोलले नाहीत, पण हल्ली भाजी आणायलाही माझ्याकडे पैसे मागतात. हे मला आधी दिसायला हवं होतं. शनिवारी त्यांच्याबरोबर बसतो.

रातराणी

सगळे वयस्कर माणसांबद्दलच लिहिताहेत म्हणून मुलांचं लिहिते. माझा भाचा १३ वर्षांचा. गेममध्ये फुकट नाणी मिळतील म्हणून एका लिंकवर गेला, गेमचा लॉगिन टाकला. खातं गेलं. त्या खात्याला बहिणीचं कार्ड जोडलेलं, आणि तोच पासवर्ड तिच्या ईमेललाही. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण फोन जप्त होईल ही भीती. म्हणजे निशिगंधच्या आईंसारखंच, फक्त वय वेगळं.

बहिणीने आता त्याला कबूल केलंय : 'असं काही झालं आणि तू लगेच सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही.' दोन आठवड्यांनी मित्राच्या खात्यावरून 'माझ्यासाठी मतदान कर' असा मेसेज आला, तो त्याने स्वतःहून तिला आणून दाखवला. मित्राचं खातं खरंच दुसऱ्याच्या हातात गेलं होतं.

व्हॉट्सॲपबद्दलही एक. 'चुकून माझा सहा आकडी कोड तुला आलाय, पाठव ना,' असा ओळखीच्या माणसाचा मेसेज आला तर तो त्या माणसाचा नाहीच. तो कोड म्हणजे तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडायची किल्ली. सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून ठेवा, मग नुसता कोड पुरत नाही. आणि लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी काही जोडलेलं नाही ना, तेही बघा.

सातवा_मजला

आवाजाच्या नकलेवर कुणी लिहिलं नाही अजून. आमच्या काकांना त्यांच्या मुलीच्या आवाजात फोन आला. रडत होती, फोन हरवलाय, हा मित्राचा नंबर आहे, पैसे हवेत. काका म्हणतात, आवाज तिचाच होता. तो यंत्राने बनवला होता की रडण्यामुळे तसा वाटला, हे आजतागायत कळलेलं नाही. काकूने दुसऱ्या फोनवरून मुलीचा नेहमीचा नंबर लावला आणि ती ऑफिसात बसलेली सापडली, म्हणून वाचले.

आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. अडचणीत असल्याचा फोन आला की तो विचारायचा. वाढदिवस किंवा कुत्र्याचं नाव असलं काही नको, ते फोटोंखाली सगळीकडे लिहिलेलं असतं. आजीने शब्द सुचवला आणि तिनेच सर्वांकडून घोकून घेतला. दर महिन्याला ती अचानक कुणाला तरी फोन करून विचारते. ज्यांना आपण जपायला निघतो त्यांनाच राखणीला बसवलं, की ते मनापासून करतात.

निशिगंध

सातवा_मजला, हे आईला फार आवडेल.

एक प्रश्न राहिला. समजा लिंकवर क्लिक झालंच, तर नेमकं काय करायचं? आम्ही त्या दिवशी नुसते गोंधळलो होतो. आधी कुठे फोन करायचा हेही सुचत नव्हतं.

उंबरठा

काय दिलं गेलं यावर अवलंबून आहे, म्हणून आधी शांतपणे तेवढंच विचारायचं. 'कशाला केलंस' हा प्रश्न त्या तासात कामाचा नाही.

नुसती लिंक उघडली, काही भरलं नाही? फोन अद्ययावत असेल तर सहसा काही होत नाही. पान बंद करा.

पासवर्ड दिला गेला? दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून तो बदला आणि 'सर्व ठिकाणांहून लॉगआउट' करा. तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही. ईमेलचा असेल तर सर्वांत आधी तो, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग बहुतेकजण विसरतात ते : ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. चोर तिथे नियम लावून ठेवतो, म्हणजे तुम्ही पासवर्ड बदलला तरी तुमची पत्रं त्याच्याकडे जातच राहतात. रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी दिलेला, फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, तेही बघा.

कार्ड किंवा ओटीपी दिला गेला? आधी बँक. कार्ड बंद करून घ्या, व्यवहारावर हरकत नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी. मेसेज, नंबर, पानाचे स्क्रीनशॉट पुसू नका. घाबरून लोक आधी तेच पुसतात.

कुणाच्या सांगण्यावरून ॲप टाकलं गेलं, किंवा स्क्रीन दाखवली गेली? हे सर्वांत गंभीर. मोबाइल डेटा आणि वायफाय लगेच बंद, बँकेला फोन दुसऱ्या मोबाइलवरून. ॲप काढताना त्याने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतलीय का बघा. ती असेल तर ते पडदा वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. अशा वेळी फोन पूर्ण पुसून पुन्हा सुरू करणं उत्तम.

आणि काही दिवसांनी फोन येईल, 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा.' एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात. आईंना हे आजच सांगून ठेवा.

रातराणी

हे छापून फ्रिजवर लावते आहे. पासकीबद्दल पण लिही ना, मला अजून नीट कळलेलं नाही.

उंबरठा

थोडक्यात लिहिते. पासकीत टाइप करायला पासवर्ड नसतोच. किल्ली फोनमध्ये असते, ती अंगठ्याने किंवा चेहऱ्याने उघडते, आणि ज्या साइटसाठी बनली तिथेच चालते. बनावट पानावर द्यायलाच काही नसतं. हेच तत्त्व वापरणारी छोटी सिक्युरिटी की (लॉगिनसाठी संगणकाला जोडायचं छोटं उपकरण) २०१७ पासून गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांना सक्तीची केली. त्यानंतर वर्षभराने कंपनीने सांगितलं, की कामाचं एकही खातं फिशिंगने (बनावट मेल आणि पानांच्या जाळ्याने) गेल्याची नोंद नाही. तेव्हा ८५,००० हून जास्त कर्मचारी होते. सगळे काही एकाएकी फार हुशार झाले नसणार. घरात सुरुवात ईमेलच्या खात्यापासून करा.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत झालेलं लिहिते.

आईशी नीट बोलले. त्या दिवशीच्या वाक्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आता असं काही झालं तर आधी तुला फोन, मग बँकेला." मी म्हटलं, आधी बँकेला, मग मला. त्यावर आमचं थोडं वाजलं. शेवटी बँकेचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या फोनच्या कव्हरमध्ये ठेवला आहे, त्याच्या खाली माझा.

खुणेचा शब्द ठरला. खाती वेगळी केली. माझ्या फोनमध्ये पासवर्ड मॅनेजर आधीच होता, आता तिच्याही आहे. काल तिने एक मेसेज मला पाठवून विचारलं, "हे खरं आहे का गं?" वीज बंद राहणार असल्याची खरीच सूचना होती. मी 'खरं आहे' एवढंच लिहिलं, आणि विचारल्याबद्दल तिला थँक्यू म्हटलं.

बाबांचं ईमेल मात्र अडकलंय. रिकव्हरीला जो नंबर आहे तो त्यांनी काही वर्षांपूर्वीच बंद केला, आणि तो आता दुसऱ्या कुणाकडे असू शकतो. अजून त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ते खातं उघडं आहे, तिथून नंबर बदलता येईल का? रविवारी त्यांच्याकडे जाते आहे.

उंबरठा

बहुधा येईल, आणि रविवारपर्यंत थांबू नका. लॅपटॉपवर लॉगआउट करू नका असं बाबांना आत्ताच कळवा. आज रात्री फोनवर बसून सेटिंगमधून आधी नवा नंबर जोडा, तो चालतोय याची खात्री करा, मगच जुना काढा. कुठे अडलं तर इथेच लिहा, मी जागी आहे.